शीर्षकात ‘प्रभाव’ लिहिण्याआधी : वऱ्हाडातलं कीर्तन, रेडिओ आणि एक मिनिटाचा व्हिडिओ

संशोधनासाठी विषय शोधत असाल तर अशा धर्तीचं शीर्षक तुम्ही स्वतः लिहिलं असेल, नाहीतर मैत्रिणीच्या सिनॉप्सिसवर वाचलं असेल : ‘सामाजिक संदेश देणाऱ्या लघुचित्रफितींचा प्रभाव : विशेष संदर्भ अमरावती व अकोला जिल्हा’. विषय चांगला आहे, काळाला धरून आहे. महाविद्यालयांत रील स्पर्धा होतात, एनएसएसच्या शिबिरात मतदान, व्यसनमुक्ती, पाणी, फवारणी अशा विषयांवर मुलं मोबाइलवर एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ करतात. पटवून देणारा संदेश कसा तयार करायचा हे मुलांना शिकवलं जातं आणि त्या शिकवण्याचा अभ्यास व्हायलाच पाहिजे.

माझी हरकत फक्त ‘प्रभाव’ या एका शब्दाला आहे. हा शब्द आपण फार सहज लिहितो, मग त्याला शंभर जणांची प्रश्नावली जोडतो, ‘व्हिडिओ आवडला का? होय/नाही’ असं विचारतो आणि टक्केवारी काढून मोकळे होतो. संदेश देऊन माणसांचं वागणं बदलायचं काम वऱ्हाडात शंभर वर्षांहून जुनं आहे. ते काम करणाऱ्यांनी काय केलं आणि त्याचा पुरावा आज आपल्या हातात काय उरला आहे, हे आधी बघू. शीर्षकाचं मग ठरवू.

सुरुवात गाडगेबाबांपासूनच करावी लागते. तुम्ही अमरावती विद्यापीठाला प्रबंध देणार असाल तर त्याच्या पहिल्याच पानावर त्यांचं नाव छापलेलं असेल. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अंजनगाव सुर्जी तालुका. लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे गेलं. १९०५ मध्ये घर सोडलं. शाळा नाही, अक्षरओळख नाही. त्यांच्या कामाचा क्रम मात्र बघा, कारण इथेच मुद्दा आहे. गावात आले की हातात खराटा. दिवसभर गाव झाडायचं, नाल्या साफ करायच्या. रात्री कीर्तन. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल रात्री बोलायचं ती लोकांनी दिवसा डोळ्यांनी पाहिलेली असे. घर सोडायच्या आधीसुद्धा तेच. मुलीच्या बारशाला दारू आणि मटण द्यायची रीत होती. त्यांनी गोड जेवण घातलं. भाषण तेव्हा दिलंच नव्हतं.

आणि कीर्तन म्हणजे तरी काय? त्यांच्या शेवटच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे, ८ नोव्हेंबर १९५६, मुंबईत वांद्र्याला. आजही ते ऐकायला मिळतं. संशोधन करू म्हणणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा वही-पेन घेऊन ऐकावं. त्यात सलग व्याख्यान फार थोडं आहे. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात. परत विचारतात, परत उत्तर. उत्तर ठरलेलं असतं, कधी एका शब्दाचं असतं, पण ते ऐकणाऱ्याच्या तोंडून निघतं. कर्ज, शाळा, नवस, शिवाशीव हे सगळं लोकांनाच कबूल करायला लावायचं. मध्ये गोपालाचा गजर आणि पुढचा प्रश्न. भाषा वऱ्हाडी, मुंबईतसुद्धा. एक मिनिटाच्या व्हिडिओत जे बसत नाही ते नेमकं हेच : समोरच्याचं उत्तर.

पण आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून थांबा. ती टेप कशाचा पुरावा आहे? बाबा कसे बोलत, लोक त्या घटकेला काय म्हणत, याचा पक्का पुरावा. ऐकून घरी गेलेल्यानं कर्ज काढणं थांबवलं की नाही, पोराला शाळेत घातलं की नाही, याचा त्यात कणभरही पुरावा नाही. तो दुसरीकडे शोधावा लागतो. ऋणमोचनला पूर्णेच्या काठचा घाट आहे, पंढरपूर-नाशिकच्या धर्मशाळा आहेत. लोकांनी पैसा आणि श्रम दिले याची ती दगडी नोंद आहे. पण नवस कमी झाले का, हे धर्मशाळा सांगत नाही. एकाच माणसाच्या एकाच कामात एका परिणामाचा पुरावा मिळतो आणि दुसऱ्याचा मिळत नाही. ‘प्रभाव’ असा एकच शब्द लिहिला की हा फरक पुसला जातो.

गाडगेबाबांनी प्रचारकांची शाळा काढली नाही. सोबत फिरून लोक शिकले. शिकवण्याची रीतसर व्यवस्था बघायची तर मोझरीला जावं लागतं. तुकडोजी महाराज, जन्म १९०९, यावली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम. पुढे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा झाल्या. सामुदायिक प्रार्थना, पहाटेची ग्रामसफाई, खंजिरीवरची भजनं. १९५५ मध्ये ग्रामगीता आली. त्यात ‘प्रचार-महिमा’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे, म्हणजे संदेश पोचवण्याकडे शिकण्या-शिकवण्याची गोष्ट म्हणून बघितलं गेलं होतं. खंजिरीचं एक भजन पाच-सात मिनिटांत आटपतं, एक विषय, एक ध्रुवपद, ऐकणाऱ्यालाही म्हणता येईल अशी चाल. त्या काळचा छोटा व्हिडिओच म्हणायचा मोह होतो, पण ही तुलना इथेच सोडू. व्हिडिओ बघणाऱ्याला ध्रुवपद म्हणावं लागत नाही.

तुकडोजींच्या बाबतीत पुराव्याचा एक अवघड पेच आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा इथे उठाव झाले आणि त्याच महिन्यात सरकारनं महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनांनी लोक पेटले असं सरकारला वाटत होतं. भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांतही हेच आहे. दोन्ही बाजू एकच सांगतात म्हणजे गोष्ट सिद्ध झाली, असं तुम्हाला वाटेल. मला नाही वाटत. सरकारला अटकेचं कारण हवं होतं, भक्तांना महाराजांचा मोठेपणा हवा होता. दोघांचाही ‘प्रभाव मोठा’ म्हणण्यात फायदा होता. गांधीजींची हाक, युद्धातली महागाई, आधीपासूनची काँग्रेसची बांधणी ही कारणं बाजूला ठेवून भजनाचा वाटा किती हे सांगणं फार कठीण आहे. भजनाचा वाटा होता, हे मी नाकारत नाही. पण ‘होता’ आणि ‘इतका होता’ यांतलं अंतर म्हणजेच तुमचं संशोधन.

हे अंतर मोजायची पद्धत साधारण त्याच वर्षांत अमेरिकन सैन्यात तयार होत होती. दुसऱ्या महायुद्धात नव्या सैनिकांना ‘आपण का लढतो’ हे पटवणाऱ्या फिल्म दाखवल्या जात. कार्ल हॉवलँड आणि सहकाऱ्यांनी काही तुकड्यांना फिल्म दाखवली, काहींना नाही आणि दोघांना सारखेच प्रश्न विचारले. १९४९ मध्ये पुस्तक आलं. सैनिकांची माहिती चांगली वाढली होती, काही मतंही थोडी हलली; पण लढायची उमेद, जिच्यासाठी हा सगळा खर्च केला होता, ती जवळपास जागच्या जागी. आपल्या ‘व्हिडिओ आवडला का’ला याहून चांगलं उत्तर नाही.

आता परत महाराष्ट्रात या. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे वांद्र्याच्या कीर्तनाच्या काही महिने आधी, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास गावांत आकाशवाणी आणि युनेस्कोनं एक प्रयोग केला. शेतकऱ्यांसाठी आठवड्याला दोन असे वीस कार्यक्रम, अर्ध्या-अर्ध्या तासाचे, मराठीत. गावातला एक गट एकत्र बसून ऐकायचा, लगेच त्यावर चर्चा करायचा आणि प्रश्न उलट रेडिओकडे पाठवायचा. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केलं. त्यानं गट असलेल्या गावांसोबत गट नसलेली गावंही तपासली. त्यांतल्या काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. गटाच्या गावांत माहिती खूप वाढली. गट नव्हता तिथे फारसं काही हललं नाही, नुसता रेडिओ असून उपयोग थोडाच. १९५९ पासून आकाशवाणीनं ही योजना देशभर नेली.

या पाच जिल्ह्यांत वऱ्हाड नव्हतं, असूही शकलं नसतं. अमरावती-अकोला तेव्हा मध्य प्रदेशात होते. मुंबई राज्यात ते आले १ नोव्हेंबर १९५६ ला. त्यानंतर आठवड्याभरात गाडगेबाबांचं ते कीर्तन आणि २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावला त्यांचं निधन. पाच जिल्ह्यांत न्यूराथ जे आकड्यांनी दाखवत होता, ते अक्षर न वाचता येणारा एक म्हातारा आयुष्यभर करत आला होता : ऐकवून सोडून द्यायचं नाही, बोलतं करायचं.

व्हिडिओच्या काळातही हेच पुन्हा सापडलं. डिजिटल ग्रीन या उपक्रमाची पहिली चाचणी कर्नाटकातल्या सोळा गावांत झाली. आठ गावांत उपक्रम, आठ तुलनेसाठी. गावातल्याच शेतकऱ्यांचे छोटे व्हिडिओ, पण दाखवायला गावातलाच एक माणूस. तो मध्ये व्हिडिओ थांबवायचा, विचारायचा, कोण करून बघणार त्याची नोंद ठेवायचा. नव्या पद्धती स्वीकारण्याचं प्रमाण नेहमीच्या कृषी-विस्तारापेक्षा कितीतरी पट वाढलं. ते यश नुसत्या व्हिडिओच्या नावावर लिहिणं चूक आहे.

वऱ्हाडातलं जवळचं उदाहरण वरूडचं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपसाठी पाणी फाउंडेशननं तीन तालुके निवडले, त्यांत अमरावती जिल्ह्यातलं वरूड होतं. संत्र्याचा पट्टा, पाणी खोल गेलेलं. गावातल्या निवडक लोकांना प्रशिक्षण, त्यात फिल्म होत्या, खेळ होते. मग गावात परत जाऊन पंचेचाळीस दिवस श्रमदान. फिल्मशिवाय हे झालं नसतं असं लोक म्हणतात. असेलही. पण त्यात स्पर्धा होती, मुदत होती, शेजारच्या गावाची ईर्षा होती, पडद्यावरचा मोठा नट होता. यातलं कोणतं कारण किती, हा कोणीतरी घ्यावा असा विषय आहे. आधी-नंतरच्या फोटोंवर प्रबंध उभा करू नका एवढंच.

आणि हे फक्त पद्धतीचं भांडण नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. तेव्हापासून ‘मास्क घाला, हातमोजे घाला’ हा व्हिडिओचा आवडता विषय. त्यातला एखादा काढा आणि गाडगेबाबांच्या पद्धतीनं प्रश्न विचारा. फवारतो कोण? बऱ्याचदा रोजंदारीवरचा मजूर. मास्क कोणी आणायचा? औषध कोणतं, किती मिसळायचं हे कोण ठरवतं? मालक, आणि त्याला सांगणारा दुकानदार. दुपारच्या दमट उकाड्यात अंगभर प्लास्टिक घालून पाठीवर पंप घेता येतो का? हे न विचारता केलेला व्हिडिओ मजुराला ‘काळजी घे’ सांगतो, आणि उद्या काही झालं तर ‘सांगितलं होतं ना’ म्हणायची सोय करतो. संदेश पटवणारा आहे, फक्त चुकीच्या माणसाला पटवतोय.

म्हणून मुलांना हे शिकवताना कॅमेऱ्याच्या आधी एक वाक्य लिहून घ्यायला हवं, असं माझं मत आहे : कोणी, कधी, काय करायचं. ‘जनजागृती करणे’ हे वाक्य चालणार नाही. ‘मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यानं फवारणीच्या आदल्या दिवशी मास्क आणून ठेवायचा’ हे चालेल. मग पहिला कच्चा व्हिडिओ त्याच माणसांपैकी चार-पाच जणांना दाखवायचा आणि ते काय म्हणतात ते लिहून काढायचं, त्यांच्याच बोलीत. मेळघाटात तर प्रमाण मराठीतला व्हिडिओ कोरकू बोलणाऱ्या आईपर्यंत अर्धाच पोचतो. तिथे भाषेचा प्रश्न पहिला. एडिटिंग, संगीत, पहिले तीन सेकंद हे सगळं नंतर. मुलं ते यूट्यूबवर आपोआप शिकतात.

संशोधकानंही तसंच करावं. व्ह्यूज मोजा, पण तो आकडा पोचण्याचा आहे, पटण्याचा नाही. एका गावात नुसता व्हिडिओ, दुसऱ्यात व्हिडिओ आणि गटचर्चा, तिसऱ्यात काहीच नाही, असं छोटंसं का होईना, न्यूराथसारखं करता येतं. चर्चेचं रेकॉर्डिंग करताना संमती घ्या आणि मालकाच्या देखत मजुराची मुलाखत घेऊ नका. उत्तर मालकाचं मिळेल. मोजायचं काय ते आधी ठरवा. मत विचाराल तर सगळे मास्कच्या बाजूनं असतात. फवारणीच्या सकाळी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून किती जणांच्या तोंडाला फडकं आहे ते मोजणं कटकटीचं आहे, आणि तोच तुमचा खरा डेटा.

तेव्हा शीर्षक कदाचित असं होईल : ‘फवारणी-सुरक्षेचा व्हिडिओ आणि त्यानंतरची गटचर्चा : अकोला जिल्ह्यातील तीन गावांचा तुलनात्मक अभ्यास’. गाइड म्हणतील विषय फारच लहान झाला. त्यांना न्यूराथचे वीस कार्यक्रम आणि दहा आठवडे सांगा. फक्त कपाशीवरची फवारणी जुलै ते ऑक्टोबरमध्येच बघायला मिळते, त्यामुळे आरआरसीची तारीख त्याच्या आत येईल एवढं आधीच बघून ठेवा.