दोन महिने ते तीन वर्षे : मेनिंजायटिस आणि बाळाच्या प्रतिकारशक्तीचा इतिहास

रायपूरच्या शासकीय लसीकरण केंद्रांत दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस टोचली जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि कावीळ-बी ही तिच्यातील चार नावे पालकांच्या ओळखीची असतात. पाचवे नाव, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ अर्थात ‘हिब’, बहुधा अपरिचितच राहते. लहान मुलांतील जिवाणूजन्य मेनिंजायटिसचे, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाचे, हा जिवाणू एकेकाळी जगभर प्रमुख कारण होता. त्याला आवर घालण्याचा इतिहास हा बाळाची प्रतिकारशक्ती समजून घेण्याचा इतिहास आहे.

1931 साली मार्गारेट पिटमन यांनी दाखवून दिले की या जिवाणूच्या काही प्रकारांभोवती शर्करेचे कवच असते आणि गंभीर आजार प्रामुख्याने ‘बी’ कवचाच्या प्रकारामुळे होतो. दोनच वर्षांनी बोस्टनमध्ये फॉदरगिल आणि राइट यांनी निरनिराळ्या वयांतील व्यक्तींचे रक्त तपासले. नवजात बाळाचे रक्त आईकडून आलेल्या प्रतिपिंडांच्या बळावर जिवाणू मारत होते. मोठ्यांचे रक्त स्वतःच्या प्रतिपिंडांच्या बळावर. मात्र सुमारे दोन महिने ते तीन वर्षे या वयात हे सामर्थ्य जवळजवळ नव्हतेच. मेनिंजायटिसचे बहुसंख्य रुग्ण नेमके याच वयाचे होते. आईची शिदोरी संपलेली आणि स्वतःची कमाई सुरू न झालेली, अशा काळात हा रोग बाळाला गाठत होता.

ही उणीव बाहेरून भरून काढण्याचे प्रयत्न झाले. सायमन फ्लेक्सनर यांनी 1913 साली मेनिंगोकॉकसच्या सुमारे 1,300 रुग्णांवरील घोड्याच्या प्रतिरक्तद्रवाचे निष्कर्ष मांडले; मृत्यूचे प्रमाण सुमारे 31 टक्क्यांवर आले होते. हिबसाठी हॅटी अलेक्झांडर यांनी 1939 च्या सुमारास सशाचा प्रतिरक्तद्रव वापरला. पुढे प्रतिजैविके आली आणि असंख्य मुले वाचली. तरीही वाचलेल्या मुलांपैकी काहींची श्रवणशक्ती कायमची गेली. ज्या वयात मूल ऐकून बोलायला शिकते, त्याच वयात हे नुकसान होत होते.

याचे उत्तरही प्रतिकारशक्तीतच सापडले. मेंदूभोवतीच्या द्रवात प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने अत्यल्प असल्याने जिवाणू तेथे झपाट्याने वाढतात. प्रतिजैविकाने ते फुटले की त्यांच्या भित्तिकेचे तुकडे द्रवात पसरतात. ते ओळखून शरीरातील पेशी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-1 सारखे दाहकारक संदेश सोडतात. पांढऱ्या पेशी धाव घेतात, सूज वाढते आणि अंतर्कर्णालाही इजा पोहोचते. रक्षणासाठीच उठलेला हा प्रतिसाद घातक ठरतो. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 200 मुलांवरील अभ्यासात प्रतिजैविकासोबत दाहशामक डेक्सामेथासोन दिल्यावर दोन्ही कानांचा मध्यम किंवा तीव्र बहिरेपणा 15.5 टक्क्यांवरून 3.3 टक्क्यांवर आला.

तरी जिवाणू मेंदूपर्यंत पोहोचूच न देणे हा खरा उपाय होता. 1974 साली फिनलंडमध्ये सुमारे एक लाख मुलांवर लसींची चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्या मुलांना हिबच्या केवळ शर्करा-कवचापासून बनवलेली लस दिली होती. दीड वर्षावरील मुलांना संरक्षण मिळाले. त्याखालील बाळांना, म्हणजे सर्वाधिक गरज असणाऱ्यांना, मिळाले नाही. कारण केवळ शर्करेला टी-पेशी ओळखत नाहीत आणि त्यांच्या साहाय्यावाचून बाळाच्या बी-पेशी पुरेशी प्रतिपिंडे बनवू शकत नाहीत. एव्हरी आणि गोबेल यांनी 1929 मध्येच शर्करेला प्रथिनाची जोड देण्याची युक्ती दाखवली होती. श्नीरसन आणि रॉबिन्स, तसेच अँडरसन आणि स्मिथ या जोड्यांनी तिच्यातून संयुग्मी लस घडवली. बी-पेशी शर्करेसोबत प्रथिनही आत ओढून घेते, त्याचा अंश टी-पेशीला दाखवते आणि साहाय्य मिळवते. फॉदरगिल-राइट यांनी दाखवलेली पोकळी अशा रीतीने भरून निघाली.

अमेरिकेत दोन महिन्यांच्या बाळांसाठी या लसीला 1990 मध्ये मान्यता मिळाली. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य स्थापन होऊन रायपूर राजधानी झाले, तेव्हा या मान्यतेला दहा वर्षे उलटली होती. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात मात्र हिबची लस नव्हती. डिसेंबर 2011 मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून आरंभ झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ती देशभर पोहोचली. याच तत्त्वावरील न्यूमोकॉकसविरोधी लस 2017 मध्ये मोजक्या राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशव्यापी झाली. तोवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘न्यूमोसिल’ या न्यूमोकॉकल लसीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वअर्हता मिळालेली होती.

बाळाच्या रक्तातील उणीव कळल्यापासून तिच्यावरील लस बाळांसाठी मान्य होईपर्यंत 57 वर्षे लागली. ती लस भारताच्या सार्वत्रिक कार्यक्रमात यायला आणखी 21. पहिला विलंब अज्ञानाचा होता. दुसऱ्याला ते कारण देता येत नाही.