बैलाचे खूर आणि मोटारीची चाके

मोटारींच्या जाहिरातींत एक चित्र वारंवार दिसते. सभोवती बर्फच बर्फ आणि त्यातून एक चकचकीत सलून मोटार डौलात चढ चढते आहे. हिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, असे खाली छापलेले असते. जालना जिल्ह्यात बर्फ पडत नाही. येथला हिवाळा कोरडा आणि रस्ते घट्ट. पण थंड देशांत हिवाळा वाहनांची जी परीक्षा पाहतो, ती आपल्याकडे पावसाळा पाहतो. मग अशी मोटार भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीकडच्या काळ्या रानात उपयोगी पडेल का? आणि बर्फाच्या मुलखात तरी ती सांगितली जाते तेवढी उपयोगी पडते का? प्रश्न पैशाचा आहेच, पण काही वेळा तो जिवाचाही होतो. म्हणून जरा मुळापासून पाहू.

आपली काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झाली. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यातल्या भेगा त्याच्याच. ओली झाली की ही माती स्वतःच्याच थरांवर सरकते, शिवाय चाकालाही चिकटते. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालू नये हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

या मातीवरून बैलगाडी शतकानुशतके चालली. तिची लोखंडी धाव चिखलात रुतते हे खरे, पण बैलगाडीचे चाक जमिनीला रेटत नाही. ते नुसते फिरते. जमिनीला मागे रेटण्याचे काम बैलाचे खूर करतात. खूर दुभंगलेला असतो. टेकताना तो फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे चिखलातून सुटणे सोपे जाते. मोटारीत बैल नाही. तिच्या चाकालाच जमीन मागे रेटावी लागते, आणि ते घसरले तर इंजिन कितीही दांडगे असो, गाडी जागची हलत नाही.

ओढणारा आणि वाहणारा वेगळे असले की काय घडते, याचे एक उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसताच मध्ये उतार असणारच, असा तर्क करून वेलस्लीने केळना नदी ओलांडली. त्याच्या बऱ्याच तोफा बैल ओढत होते. मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यात ते बैल मोठ्या संख्येने मारले गेले, आणि तोफा मागे ठेवून पायदळाला पुढे जावे लागले. तोफांची चाके शाबूत असून उपयोग नव्हता. याच मोहिमेत वेलस्ली आपल्या पत्रांतून बैलांची किती काळजी करतो, हे वाचण्यासारखे आहे.

पुढे मोटारी आल्या. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. त्या काळच्या बसगाड्यांना जोर मागच्या दोन चाकांचा. अशी गाडी रुतली की प्रवासी खाली उतरून ढकलत, म्हणजे बैलांच्या खुरांचे काम माणसांचे पाय करीत. (विद्यार्थ्यांना हे सांगितले की घर्षणाचा धडा चटकन समजतो.)

मग चारही चाके का रेटू नयेत? ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रामा डिप्लॉक यांनी १८९३ मध्ये वाफेच्या ओढगाडीसाठी तसे पेटंट घेतले. हॉलंडमधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये चारही चाकांना जोर आणि चारही चाकांना ब्रेक असलेली पेट्रोलची शर्यतीची मोटार बांधली. पण ही रचना घराघरांत ओळखीची केली ती दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने. अमेरिकी सैन्यासाठी १९४० मध्ये तिचा पहिला नमुना तयार झाला आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने त्या मुंबईत जोडायला घेतल्या, आणि १९५२ मध्ये समूह विकास योजना सुरू झाल्यावर ब्लॉकची जीप हे खेडोपाडी सरकारचेच रूप ठरले.

जीपमध्ये पुढच्या चाकांचा जोर एका दांड्याने हवा तेव्हाच जोडतात. त्याला कारण आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. दोन्ही आस एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर हा फरक कोठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाक थोडे घसरून तो जिरवते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र यंत्रणेला पीळ बसतो. म्हणून रोजच्या मोटारीत दोन आसांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल लागते. ट्रॅक्टरमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी याच प्रश्नावर पैसा ओतला. त्यांच्या पद्धतीवर १९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही मोटार निघाली, पण तिची महागडी ३२० नगच बनली. जपानमध्ये १९७२ साली सुबारूने साधी घरगुती गाडी या रचनेत आणली. आउडीचे प्रायोगिक वाहन जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियातील टुराखचा बर्फाळ चढ साध्या उन्हाळी टायरांवर, साखळ्यांशिवाय चढले. १९८० मध्ये क्वाट्रो बाजारात आली आणि पाठोपाठ त्या कंपनीच्या सलून मोटारीही.

टुराखची ही परीक्षा चढण्याची होती हे ध्यानात ठेवू. आता फळ्यावर थोडे गणित मांडू. मोटारीचे वस्तुमान १,००० किलो धरा. निसरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.२ धरा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत पुढच्या दोन चाकांवर सुमारे ६०० किलोंचा भार असतो. म्हणून ती फार तर १२० किलोभाराचा रेटा देईल आणि साधारण शंभरास बाराचा चढ चढेल. (चढावर भार मागे सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमीच.) चारही चाके रेटत असतील तर सगळा भार कामी येतो, रेटा २०० आणि चढ शंभरास वीस. फायदा खरा आहे. डोंगरउतारावर घर असलेल्या माणसाला बर्फाच्या दिवसांत तो रोज जाणवेल.

पण आता ब्रेक लावा. ब्रेक सगळ्याच मोटारींत चारही चाकांना असतात. दोन्ही मोटारींना थांबवणारे बल तेच २०० किलोभार, मंदन सेकंदाला सेकंदामागे सुमारे २ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी कोणतीही मोटार तेथे थांबायला सुमारे ७० मीटर घेईल. कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.७ धरून, सुमारे २० मीटर पुरतात. वळणावर बाजूला घसरण्याचेही तेच: ती मर्यादा टायर आणि रस्ता यांच्यामधली आहे. उलट चारचाकी जोराची मोटार निसरड्यावरही सहज वेग घेते, त्यामुळे रस्ता निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. कळते ते ब्रेक लावल्यावर. आमच्या मते या रचनेचा खरा धोका हाच आहे. बर्फाच्या मुलखात म्हणूनच हिवाळी टायर आधी हवेत. त्यांचे रबर सात अंशांखालीही मऊ राहते, आणि ते चढताना, वळताना व थांबताना तिन्ही वेळा कामी येते.

जालन्यात हिशेब आणखी साधा आहे. चांगल्या रस्त्यावर पावसाळ्यातला धोका असतो तो ट्रॅक्टरांनी शेतातून डांबरावर आणलेल्या मातीचा पहिल्या सरीने राडा होतो तेव्हा. तेथे हवेत चांगल्या नक्षीचे टायर आणि कमी वेग. शेतरस्त्यावर सलून मोटार बहुधा चाके फिरण्याआधीच अडकते, कारण तिचे पोट जमिनीपासून जेमतेम १७ सेंटिमीटर वर असते. चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर ते टेकले की चाकांवरचा भारच निघून जातो. टायरच्या नक्षीत चिखल भरून तो गुळगुळीत होतो ते वेगळेच. अशा ठिकाणी जीप किंवा ट्रॅक्टर हवा, नाहीतर वाफशाची वाट पाहावी. येथे सलून मोटारीसाठी चारचाकी जोराचे जादा पैसे मोजू नयेत, असे आम्हांला वाटते.

राहिली पाण्याखाली गेलेली फरशी. गाडी दणकट आहे, निघेल पलीकडे, असे म्हणणारा कोणीतरी असतोच. मोटारीचा तळ ४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद, म्हणजे ६.४ चौरस मीटर धरा. पाणी तळाला लागल्यापासून प्रत्येक १० सेंटिमीटर चढाला सुमारे ६४० किलो पाणी बाजूला सारले जाते. आत पाणी शिरण्यापूर्वी १,००० किलोंची मोटार तळापासून १६ सेंटिमीटर पाण्यातच तरंगू लागेल. तळाची १७ सेंटिमीटर उंची मिळवली तर फरशीवर सुमारे ३३ सेंटिमीटर पाणी झाले, प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्याही खाली. त्याच्या बरेच आधी चाकांवरचा भार, आणि म्हणून घर्षण, इतके घटलेले असते की वाहते पाणी गाडी आडवी सरकवू शकते. तेव्हा जोर दोन चाकांना आहे की चार, याने काहीच फरक पडत नाही.