औंधचे नमस्कार आणि अर्धांगवायूचा रोगी

कृष्णेच्या खोऱ्यात शरीरसाधनेला धर्माचे आणि राजसत्तेचे दुहेरी अधिष्ठान लाभले, हे चाफळ-मसूरपासून बहे-शिराळ्यापर्यंत समर्थांनी स्थापिलेल्या मारुतींवरून जसे ध्यानात येते, तसेच ते औंध संस्थानच्या कारभारावरूनही येते. श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडो या युरोपीय मल्लाची साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने मेहनत केली. पुढे १९०८च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून त्यांनी सूर्यनमस्कार धरले, आणि १९०९मध्ये गादीवर आल्यावर औंध, कुंडल, आटपाडी अशा विखुरलेल्या मुलखातील मुलामुलींच्या शाळांतून ते रुजविले. प्रजेने शेतसारा भरावा तसे नमस्कारही घालावेत, ही कल्पना आज कोणास विक्षिप्त वाटेल. मला ती त्या काळच्या पुष्कळ राजेशाही छंदांहून शहाणपणाची वाटते.

मात्र हा सारा व्यायाम धडधाकटांचा. ज्याच्या अंगावरून वारे गेले, त्याच्या वाट्याला माजघरातली खाट, तेलाचे मर्दन, निर्गुंडीचा शेक आणि घरच्यांची शुश्रूषा एवढेच येई. ज्या गावात तालमीची लाल माती रोज उकरली जाई, त्याच गावात लुळ्या पडलेल्या हातापायांस मेहनत सांगण्याचे कोणाच्या मनात येत नसे. याचा दोष एकट्या आपल्या वैद्यांना देणे अन्यायाचे होईल, कारण पाश्चात्त्य वैद्यकही दीर्घकाळ अंथरुणातील विश्रांतीच सांगत होते. बर्लिनमध्ये व्यायाम शिकविणाऱ्या आणि पुढे लंडनला स्थायिक झालेल्या बर्टा बोबाथ यांनी १९४०च्या दशकात अर्धांगवायूच्या रुग्णांकडून दुबळ्या बाजूचीच हालचाल करवून घेण्यास आरंभ केला. आपल्याकडे फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण १९५३मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले, आणि त्याचे तात्कालिक निमित्त पोलिओची साथ हे होते. त्यानंतर हे शास्त्र कऱ्हाड-मिरजेकडे येण्यास बरीच वर्षे लागली.

अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूचा जो भाग रक्ताविना मृत झाला तो पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचा शाबूत भाग सरावाने त्याचे काही काम उचलतो, आणि हा सराव हेतुपूर्वक, पुनःपुन्हा व्हावा लागतो. नमस्कारांत आवृत्तीला जे महत्त्व, तेच येथेही. अर्थात मर्यादा सुटता कामा नये. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर केलेल्या व २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झटका येऊन चोवीस तास उलटण्यापूर्वीच ज्यांना वारंवार व अधिक वेळ उठवून चालविले, त्यांची तीन महिन्यांनंतरची अवस्था नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांपेक्षा काहीशी वाईट आढळली. आपल्या आयुर्वेदाने निरोग्यालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, हे येथे आठवते.

प्रकृती स्थिरावून वैद्यांची संमती मिळाली, की पहिला धडा बहुधा खुर्चीवरून उठण्याचा असतो: पावले गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून घ्यावयाची, धड पुढे झुकवावयाचे, दोन्ही तळव्यांवर सारखा भार द्यावयाचा आणि मग उठावयाचे, हेच दिवसातून अनेकदा. या वेळी मदतीस धावणारे आप्त मायेपोटी लुळ्या हाताला धरून रोग्यास ओढतात, आणि आधीच सैल झालेला खांदा दुखावून बसतात. तेवढे तरी कोणी करू नये. आधार द्यावयाचा तो कमरेला द्यावा.