पायाचे वर्ष : वास्तुकलेचे शिक्षण आणि आपला मराठवाडा

लातूरला आलेला पाहुणा गंजगोलाई पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. मध्यभागी दुमजली वर्तुळाकार इमारत, तिच्यात जगदंबेचे मंदिर, सभोवती बाजार आणि या वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोठे सराफांची दुकाने, कोठे चपला-जोडे, कोठे मिरची आणि गूळ. या गोलाईची आखणी फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केली, असे जिल्ह्याच्या माहितीत नोंदलेले आहे. मधली इमारत १९१७ सालची असल्याचे सांगतात. रोज हजारो माणसे तेथून ये-जा करतात, पण ही गोलाई प्रथम कोणी कागदावर काढली आणि कंपासाचे टोक कोठे टेकविले, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही.

सोळा रस्ते एका वर्तुळाला जोडावयाचे तर आधी डोळ्याला व हाताला वळण लागावे लागते. हे वळण पूर्वी कसे मिळत असे, आज कसे मिळते, आणि आपल्या भागातील मुले-मुली या विद्येच्या दारात का अडतात, याचा थोडक्यात आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

मुंबईतील आरंभ

आपल्या राज्यात या शिक्षणाची सुरुवात मुंबईस झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली. तिचा मूळ हेतू कारागिरांना चित्रकला व हस्तकला शिकविण्याचा होता. वास्तुकलेचे वर्ग तेथे बऱ्याच उशिरा, विसाव्या शतकाच्या आरंभी रुजले. १९१३ साली रॉबर्ट केबल यांच्याकडे या विभागाची सूत्रे आली आणि शिक्षणाला रीतसर स्वरूप मिळाले.

आरंभीचे विद्यार्थी होते तरी कोण? मोठ्या घरचे कोणी नव्हेत. सरकारी व खाजगी कचेऱ्यांत साहेबांच्या हाताखाली नकाशे उतरविणारे ड्राफ्ट्समन हे या वर्गांचे मुख्य विद्यार्थी. नकाशाची नक्कल करता येते, पण स्वतः नकाशा रचता येत नाही, अशी त्यांची अवस्था होती. ही दरी ओलांडणे हेच त्या शिक्षणाचे पहिले काम होते. याच विद्यार्थ्यांनी १९१७ साली आपली संघटना काढली आणि तिच्यातूनच पुढे १९२९ साली भारतीय वास्तुविशारदांची संस्था उभी राहिली.

१९२३ साली क्लॉड बॅटली हे या विभागाचे प्रमुख झाले व वीस वर्षे त्या जागी राहिले. त्यांचा आग्रह असा की, विद्यार्थ्याने परदेशी पुस्तकातील चित्रे गिरविण्याऐवजी आपल्याच देशातील जुनी मंदिरे, मशिदी, वाडे यांच्यापाशी जावे, फीत लावून मोजमाप घ्यावे आणि ते कागदावर उतरवावे. आज देशातील वास्तुकला महाविद्यालयांत हे काम अभ्यासाचा भाग मानले जाते. १९५२ साली जे. जे. मधील अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला आणि ही विद्या पदवीस पात्र ठरली.

हैदराबादचा रस्ता

या काळात नांदेड व लातूर मुंबई इलाख्यात नव्हते. दोन्ही निजामाच्या राज्यात होते आणि आपल्या शिक्षणाचे तोंड हैदराबादकडे होते. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा धाडसी प्रयोग सुरू झाला. शास्त्रीय परिभाषा घडविण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच उघडलेले होते. १९२९ साली अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले.

विद्यापीठाच्या इमारती बांधावयाच्या ठरल्या तेव्हा झैन यार जंग व सय्यद अली रझा या दोघांना अनेक देशांची विद्यापीठे पाहून येण्यास पाठविण्यात आले. आराखड्यासाठी बेल्जियमचे वास्तुविशारद अर्नेस्ट जॅस्पर यांना बोलाविले गेले, आणि पुढचे काम झैन यार जंग यांच्या देखरेखीखाली पुरे झाले. १९३९ साली कला महाविद्यालयाची ती भव्य इमारत खुली झाली. शिकलेल्या माणसांनाही आधी पाहावयास पाठवावे लागले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. पाहणे हाच या विद्येचा पहिला धडा होय.

१९४८ नंतर चित्र पालटले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. उर्दूतून शिकलेल्या पिढीला नवी भाषा, नवी परीक्षा आणि नवे शहर यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ साली स्थापन झाले. भाषेची ही अडचण आजही उर्दू व मराठी माध्यमाच्या मुलांना जाणवते. परंतु रेघेला भाषा नसते. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक काम हाताने व डोळ्याने करावयाचे असते; तेथे इंग्रजी शाळेतला मुलगा आणि उर्दू शाळेतली मुलगी एकाच कोऱ्या कागदासमोर बसलेली असतात.

पायाभूत वर्षाची कल्पना

‘फाउंडेशन’ म्हणजे पायाचे वर्ष ही कल्पना कलाशिक्षणात विशेष गाजली ती जर्मनीत. १९१९ साली वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांनी बाउहाउस ही संस्था काढली. तेथे कोणत्याही कार्यशाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला योहानेस इटेन यांचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा करावा लागे. लाकूड, दगड, तार, कागद हाताळावयाचे, त्यांचा खरखरीतपणा, वजन, ताण ओळखावयाचा, रंग व आकार यांचे प्रयोग करावयाचे. आधी जुनी सवय विसरा, मग नवे शिका, असे त्याचे सूत्र होते.

१९३३ साली नाझी राजवटीत बाउहाउस बंद पडले, पण त्याचे शिक्षक जगभर पसरले. ग्रोपियस अमेरिकेत हार्वर्डला गेले. तेथे त्यांच्या हाताखाली शिकण्यास जे. जे. चे एक विद्यार्थी १९४५ साली पोहोचले. ते म्हणजे कोकणातील आचरे गावचे अच्युत कानविंदे. कानपूरच्या आय. आय. टी. चा परिसर पुढे त्यांनीच रचला. कलकत्त्याचे हबीब रहमान यांची कथाही अशीच बोधप्रद आहे. शिबपूरला यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि एम. आय. टी. मध्ये वास्तुकला शिकून आले. बराकपूरचा गांधी घाट, दिल्लीतील मौलाना आझाद व डॉ. झाकिर हुसेन यांच्या मजारी ही त्यांची कामे होत. एका विद्येतून दुसरीत जाताना मनुष्याला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागते आणि त्यात कमीपणा नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

इंग्लंडमध्ये १९६० सालच्या कोल्डस्ट्रीम समितीच्या अहवालानंतर कलाशिक्षणात पदविकेपूर्वीचा पायाभूत अभ्यासक्रम रूढ झाला. तेथील काही विद्यापीठे पदवीपूर्वी असे एक वर्ष ठेवतात. ज्यांची शालेय तयारी थेट प्रवेशास पुरत नाही, किंवा जे परदेशातून येतात, त्यांच्यासाठी ते असते. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या कलाशाळांतही ‘फाउंडेशन’ हे वर्ष परिचयाचे झाले. वास्तुकलेत मात्र आपल्याकडे ते वेगळे राहिले नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानंतर वास्तुकला परिषद आली आणि तिच्या १९८३ च्या नियमांनी पाच वर्षांचा अभ्यासक्रम ठरला. त्यातले पहिले वर्ष हेच आपले पायाचे वर्ष.

पहिल्या वर्षाच्या वहीत

या वर्षात काय शिकवितात? मुक्तहस्त रेखाटन, नकाशा, दर्शनी आकृती व छेद काढण्याची रीत, पुठ्ठा व लाकडाच्या प्रतिकृती, वास्तुकलेचा इतिहास आणि बांधकाम. बांधकामाच्या वहीत विटांचे थर सांध्यावर सांधा न येता कसे रचावेत, कमान कशी तोलते, दगडी भिंत कशी चढवावी, हे एकेका आकृतीने काढावे लागते. विद्यार्थ्यांना हे काम कंटाळवाणे वाटते. मोठमोठे मनोरे रचावयास आलो आणि येथे विटा मोजतो आहोत, असे ते म्हणतात.

दगडी भिंतीच्या आकृतीत एक लहानशी गोष्ट असते. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या तोंडांना बांधून ठेवण्यासाठी ठराविक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घालावे लागतात. वहीत ती एक रेघ असते. आपल्या मराठवाड्यात तिची किंमत काय होती, हे आपण पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. धक्का मोठा होता हे खरे, पण याहून मोठे धक्के सोसूनही जगात घरे उभी राहिली आहेत. आपल्या माणसांचा बळी प्रामुख्याने भिंतींनी व माळवदांनी घेतला.

दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती दिसावयास किल्ल्यासारख्या भक्कम होत्या. पण आत व बाहेर काळ्या दगडांची दोन वेगळी तोंडे आणि मध्ये माती व चिपांचा भराव, अशी त्यांची रचना होती. आरपार दगड नव्हते. वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचा थर, आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे त्यावर पडत गेलेली नवी माती. जमीन हलताच भिंतीची दोन तोंडे सुटी झाली व ढासळली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि दगडांनी निजलेली माणसे गाडली.

यात गवंड्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. उन्हाळ्यात थंडावा देणारे ते घर होते व हाताशी असलेल्या दगड-मातीचे ते शहाणपण होते. त्यातील एक दुवा कधी तरी गळाला आणि तो परत जोडणारे शिकलेले माणूस गावाजवळ नव्हते, हेच खरे दुखणे. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर गावांत घरांची दुरुस्ती व मजबुती करताना भिंतीला भोके पाडून आरपार सिमेंटचे दुवे घालण्यात आले. ही माहिती घरोघर पोहोचविण्यासाठी गावातील स्त्रियांनाच संवाद सहायक नेमले गेले. जो धडा पहिल्या वर्षाच्या वहीत होता, तो आपल्या आयाबहिणींनी भूकंपानंतर शिकून इतरांना शिकविला.

आपल्यापुढचे काम

लातूर पॅटर्नचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. डॉक्टर व इंजिनिअर होण्यासाठी राज्यभरातून मुले लातूरला येतात, आणि नांदेडही आता त्या वाटेवर पुढे गेले आहे. या परिश्रमांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु या धावपळीत चित्रकलेचा तास पहिला बळी जातो. वास्तुकलेस बारावीला गणित तर हवेच, शिवाय २००६ पासून नाटा ही अभिवृत्ती परीक्षा आली आहे. गणितात नव्वद गुण मिळविणारी आपली मुलगी तेथे साधी खुर्ची काढताना गोंधळते, कारण आठवीनंतर तिच्या हातात चित्राची पेन्सिल कोणी दिलेलीच नसते.

आपल्या वस्त्यांत गवंडी, सुतार, फरशी बसविणारे व लोखंडकाम करणारे कारागीर थोडे नाहीत. त्यांच्या मुलांनी ओळंबा, गुण्या आणि सूत लहानपणापासून पाहिलेले असते. पायाच्या वर्षाचा निम्मा अभ्यास त्यांच्या अंगणात झालेला असतो. फक्त तो अभ्यास आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुंबईतील ते जुने ड्राफ्ट्समन याच वाटेने पुढे आले होते.

वांद्र्याचे रिझवी, पुण्याचे अल्लाना व पनवेलचे काळसेकर संकुल पाहिले म्हणजे अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांनी या क्षेत्रात पाऊल टाकल्याचे दिसते. आपल्यासारख्या संस्थेला लगेच महाविद्यालय काढता येणार नाही. पण पाया घालता येईल. चित्रकलेचा शिक्षक व तास राखावा. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना मुलांइतक्याच मुलीही बसवाव्यात. दर उन्हाळ्यात पंधरा दिवस कंधार, औसा किंवा उदगीरच्या किल्ल्यात मुलांना न्यावे, हाती फीत द्यावी आणि एक दरवाजा, एक कमान, एक बुरूज मोजून कागदावर काढावयास सांगावे. सोबत एखादा अनुभवी गवंडी गुरुजी म्हणून असावा. याला फार पैसा लागत नाही, इच्छा लागते.

यातली सर्वच मुले वास्तुविशारद होणार नाहीत. जी होणार नाहीत, तीही उद्या आपले घर बांधताना भिंतीत आरपार दगड आहे की नाही, हे विचारतील. किल्लारीच्या मातीत निजलेल्यांचे एवढे ऋण आपल्या शाळांवर आहे.