दत्तक : पेढीसाठी आणि मुलासाठी

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासातील एखादा विषय घेऊन लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी कापडाच्या धंद्यातला माणूस. १९८१ साली बी. कॉम. झालो तेही हिशेबापुरते. इतिहासकार म्हणवून घेण्याचा माझा अधिकार नाही. तथापि आमच्या दुकानाच्या तिजोरीत तीन पिढ्यांची तीन दत्तकाची कागदपत्रे एकाच पिशवीत बांधून ठेवलेली आहेत. त्यांच्या आधाराने काही लिहिता येईल, असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

पहिला कागद मोडी लिपीत असून तो माझ्या आजोबांचा आहे. आजोबा चुलत चुलत्यांच्या घरी दत्तक आले. 'पेढी व नाव पुढे चालावे' हे एकच कारण त्या कागदात दिले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा कागद निघेल. निपुत्रिक सावकाराने भावाचा किंवा चुलतभावाचा मुलगा घ्यावा, पागोटे बांधावे, पंचांना जेवण द्यावे आणि नव्या वहीवर त्याच्या हाताने पहिली नोंद घालावी, ही आपली रीत होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वैदिक परंपरेत पुत्र हवा तो पिंडदानासाठी. म्हणून तिकडे दत्तकविधानाला धार्मिक अंग होते. आपल्या धर्मात ज्याचे कर्म त्यालाच भोगायचे असल्याने पुत्राच्या हातून पित्याची सद्गती होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे जैनांचे दत्तक हा निव्वळ लौकिक व्यवहार होय, असे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही मानले. १८७३ साली मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरवले, की निराळी रूढी सिद्ध होत नसेल तर जैनांना हिंदू कायदाच लागू होईल. पुढे १८७८ साली उत्तर हिंदुस्थानातील सरावगी अग्रवाल जैनांच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने जैन विधवेला पतीच्या आज्ञेवाचून दत्तक घेता येते आणि मुलीचा मुलगाही घेता येतो, ही रूढी मान्य केली. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी भद्रबाहुसंहिता, अर्हन्नीती, वर्धमाननीती आदी ग्रंथांतून वचने गोळा करून १९२६ साली जैन कायद्यावर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले.

एवढी मोकळीक असताना आपण तिचा उपयोग कशासाठी केला? धर्माने पुत्राची सक्ती केली नव्हती, तरी पेढीने केली. मूल निवडले जाई ते घर, गोत आणि जिंदगी पाहून. ज्याला आईबाप नाहीत असे मूल या हिशेबात कोठेच नव्हते. जुन्या हिंदू कायद्यातही मूल देण्याचा अधिकार फक्त आईबापांना होता. सबब ज्याचे आईबाप वारले, त्याला देणारेच कोणी उरत नसे. ज्या मुलाला घराची सर्वांत अधिक गरज, तेच दत्तकाला अपात्र! मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

आपल्या पुराणांना मात्र ही अडचण आली नाही. जीवंधरकुमाराची कथा पाठशाळेत आपण सर्वांनी ऐकली आहे. वादीभसिंहांनी ती क्षत्रचूडामणीत सांगितली, तिकडे तमिळ देशात तिरुत्तक्कदेवांनी तिच्यावर महाकाव्य रचले. काष्ठांगार मंत्र्याने राजा सत्यंधराचा घात केला. गरोदर राणी विजया मयूरयंत्रातून निसटली आणि स्मशानात प्रसूत झाली. त्याच रात्री गंधोत्कट नावाचा व्यापारी आपले मृत बालक घेऊन तेथे आला होता. परत जाताना त्याच्या हातात जिवंत मूल होते. पुढे त्याला स्वतःचा मुलगा झाला, तरी जीवंधराच्या वाट्यात त्याने काही कमी केले नाही. लहानपणी मला त्या मयूरयंत्राचे आकर्षण होते. आता वय झाल्यावर त्या व्यापाऱ्याची आठवण अधिक येते. तो राजा नव्हता, मुनी नव्हता. दुकान चालवणारा माणूस होता. मूल कोणाचे, हे त्याने विचारले नाही.

महाराष्ट्रात ही दृष्टी नव्या काळात आणली ती समाजसुधारकांनी. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि एका विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेऊन वाढवले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंचा अंत झाला. पंढरपुरात न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने १८७५ साली टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला व प्रार्थना समाजाने तो चालवला. वारीला जाणाऱ्या किती जणांना तो माहीत असेल, कोण जाणे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. तो आपल्यालाही लागू आहे. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या आणि आईबाप अज्ञात असलेल्या मुलांनाही, न्यायालयाच्या परवानगीने पालकामार्फत, दत्तक देता येऊ लागले. कायदा सुधारला. आम्ही नाही सुधारलो. हे मी कोणावर टीका म्हणून लिहीत नाही, दुसऱ्या कागदाच्या आधारे लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या बाजारपेठेतून दुसऱ्या दिवशी धोतरे, लुगडी आणि चादरी यांचा ट्रक निघाला. त्याबरोबर माझा धाकटा भाऊ गेला. श्री. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास शिक्षणासाठी नेली, हे आपणा सर्वांना अभिमानास्पद आहे. माझा भाऊ परतला तो निराळाच विचार घेऊन. त्याच्या लग्नाला अकरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. एखाद्या अनाथ मुलीला रीतसर घरी आणावे, असे त्याने आणि वहिनीने वडिलांना सांगितले.

वडील काही बोलले नाहीत. बोललो मी. 'कोणाचे रक्त, कोठले संस्कार, उद्या पेढीत वाटा कोण मागणार' हे सर्व मीच म्हणालो, आणि फार समंजसपणे म्हणालो. भूकंपग्रस्तांसाठी देणगीची पावती फाडणारा मीच होतो, त्यामुळे माझ्या शब्दाला घरात वजन होते. अखेर तोड निघाली ती जुनीच. १९९४ साली माझा धाकटा मुलगा, वय वर्षे सहा, भावाला दत्तक दिला. कायद्याला होम लागत नाही, पण मूल प्रत्यक्ष देणे-घेणे आणि देणाऱ्याच्या पत्नीची संमती लागते. माझ्या पत्नीने दुय्यम निबंधकांसमोर सही केली. घरी येऊन तिने मुलाला वहिनीच्या मांडीवर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसाबद्दल ती आजतागायत माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

घर एकच, अंगण एकच. मुलगा सुखात वाढला, यात शंका नाही. पण ज्याला आईबाप होते त्याला आम्ही दुसरे दिले. जिला कोणीच नव्हते ती तेथेच राहिली.

दरम्यान देशात बरेच बदलले. विधिज्ञ लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली परदेशी जाणाऱ्या मुलांच्या दत्तकाला शिस्त लावली होती. १९९० साली केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. २०१० साली विवाहित स्त्रीलाही पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सर्व धर्मीयांसाठी एकच मार्ग पक्का केला. आता इच्छुक दांपत्याने संगणकावर नोंदणी करायची, समाजसेविका घरी येऊन अहवाल करते, आणि क्रमाने मूल सुचवले जाते. विवाहाला दोन वर्षे व्हावी लागतात. अंतिम आदेशापूर्वी मूल काही काळ घरी राहते, नंतरही दोन वर्षे सहामाही पाहणी होते. २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ज्यांना कायमचे दत्तक शक्य नाही, त्यांच्यासाठी ठरावीक काळापुरते मूल सांभाळण्याचीही तरतूद आहे. आपल्या राज्यात त्यासाठी बालसंगोपन योजना चालते. पूर्वी ओळखीच्या दवाखान्यातून परस्पर मूल आणण्याचे प्रकार होत. तो आता गुन्हा आहे, हे तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिसरा कागद २०२३ चा, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा. भावाला दिलेला तोच मुलगा आणि सूनबाई यांनी नोंदणी केली. विचारायला ते दोघे प्रथम माझ्याकडे नव्हे, माझ्या पत्नीकडे गेले. तिने लगेच हो म्हटले. समाजसेविका घरी आल्या तेव्हा त्यांनी मलाही प्रश्न विचारले : आजोबा म्हणून तुमची हरकत आहे का, वारसाहक्कात फरक कराल का? तीस वर्षांपूर्वीचे माझेच प्रश्न समोरून आले. मी नाही म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतले.

मुलगी घरी आली तेव्हा एक वर्ष चार महिन्यांची होती. पहिले पंधरा दिवस ती वहिनींखेरीज कोणाकडे जात नसे. माझा भाऊ आज हयात नाही. हे पाहण्यास तो हवा होता.

सध्या ती दुपारी दुकानात गादीवर येऊन बसते आणि मुनीमजींची वारपट्टी पळवते. या दसलक्षणापासून आपल्याच ट्रस्टच्या पाठशाळेत तिचे नाव घातले आहे. णमोकार मंत्राची तीन पदे बरोबर म्हणते, चौथ्याला अडखळते, आणि मग माझ्या पत्नीकडे पाहते.