भाव वाढला की मंत्र्याचा फायदा : लंडन, १७२०

'साउथ सी बबल' म्हटलं की लोभी जनता, चढलेले शेअर आणि मग आपटलेला बाजार एवढंच आपल्याला आठवतं. मी मात्र गेले काही महिने त्यातल्या एकाच माणसामागे लागलोय. जॉन एझलबी, तेव्हाचा ब्रिटनचा अर्थमंत्री.

आधी योजना समजून घेऊ. सरकारवर लोकांचं मोठं कर्ज होतं. साउथ सी कंपनी म्हणाली, हे कर्ज आमच्याकडे द्या. लोकांना कर्जरोख्यांच्या बदल्यात आम्ही शेअर देतो. जेवढं कर्ज घेऊ, तेवढ्या दर्शनी किमतीचे नवे शेअर काढायची परवानगी मात्र हवी. आता गणित बघा. शेअरची दर्शनी किंमत १०० पौंड. एखाद्याचं १००० पौंडांचं येणं आहे. बाजारभाव १०० असेल तर त्याला १० शेअर द्यावे लागतात. भाव ५०० असेल तर दोनच! उरलेले आठ कंपनीने विकायला मोकळे. म्हणजे सगळा डोलारा भाव चढण्यावर उभा. अदलाबदलीचा दर कायद्यातच ठरवून टाका, अशी मागणी संसदेत झाली. ती फेटाळली गेली.

ही योजना संसदेत मांडून तिची भलामण करणारा मंत्री म्हणजे एझलबी. आणि इथेच खरी मेख आहे.

विधेयक मंजूर होण्याआधीच कंपनीच्या वह्यांत दर्शनी सुमारे पावणेसहा लाख पौंडांचे शेअर 'विकले' गेले होते. घेणाऱ्यांनी पैसे भरले नव्हते, तारणही दिलं नव्हतं. भाव चढला की शेअर कंपनीला 'परत विकायचे' आणि फरक खिशात घालायचा. उतरला तर? काहीच नाही, नोंद विसरायची. घेणाऱ्यांत मंत्री होते, राजाच्या मर्जीतल्या बायकाही होत्या. नुसती लाच दिली असती तर ती एकदा घेऊन विषय संपला असता. इथे भाव चढत राहावा यातच मंत्र्याचा स्वार्थ होता. आणि भाव चढवण्याची ताकद ज्याच्या शब्दात होती, तो माणूसही तोच.

जानेवारी १७२० मध्ये १२८ च्या आसपास असलेला शेअर उन्हाळ्यात हजाराजवळ गेला आणि सप्टेंबरअखेर दीडशेच्या घरात कोसळला. चौकशी समिती बसली. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला. एझलबीच्या नावावर २०,००० पौंडांचे शेअर निघाले. हिशेबाची एक वही तर त्याने जाळायला लावली होती. मार्च १७२१ मध्ये कॉमन्सने त्याला सभागृहातून काढून टॉवरमध्ये धाडलं. अर्थखात्याचा सचिव चार्ल्स स्टॅनहोप मात्र तीन मतांनी सुटला.

तुम्ही म्हणाल, शिक्षा झाली ना, मग झालं. पण शिक्षा कशी झाली ते बघा. मंत्र्याने अशा शेअरपासून लांब राहावं असा स्पष्ट नियम आधी नव्हताच. त्यामुळे संचालकांच्या मालमत्ता मागाहून केलेल्या कायद्याने जप्त झाल्या, आणि कोण सुटणार हे मतं मोजून ठरलं. इतिहासकार एडवर्ड गिबनचे आजोबा त्या संचालकांपैकी एक. नातवाने पुढे याच अन्यायावर बोट ठेवलं. एझलबी यॉर्कशायरला जाऊन आपली बाग फुलवत राहिला. स्टडली रॉयलची ती बाग आज युनेस्कोच्या वारसा यादीत आहे!

आपल्याकडे काय? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत शेअरच्या सट्ट्याला बंदी आहे. घरच्यांच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाईक गोळा करणं हासुद्धा नियमभंग ठरतो. पण हे नियम मंत्र्यांना लागू नाहीत. त्यांच्यासाठी आचारसंहिता आहे, आणि ती कायदा नव्हे. कारकुनाच्या शब्दाने बाजार हलत नाही, मंत्र्याच्या शब्दाने हलतो. तरी कडक नियम कारकुनालाच.

म्हणून मला वाटतं, १७२० चा धडा 'लोभ वाईट' एवढाच नाही. ज्याच्या बोलण्याने भाव हलतो, त्याचा त्या भावात हिस्सा नसावा. आणि हे ठरवायचं तर बाजार चढता असताना ठरवायला हवं. कोसळल्यावर सगळेच शहाणे होतात.