'सॉनिक' खेळताना वेगाला आवर हवा

सेगा कंपनीचा 'सॉनिक द हेजहॉग' हा व्हिडीओ गेम १९९१ मध्ये बाजारात आला आणि त्यातील निळा, काटेरी सॉनिक वेगासाठीच ओळखला जाऊ लागला. नवखा खेळाडू मात्र याच वेगापायी फसतो. सुसाट धावताना समोरचा शत्रू दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अनोळखी टप्प्यात आधी सावकाश जाऊन वाट पाहून घ्यावी.

खरी भिस्त सोनेरी कड्यांवर असते. जवळ एक जरी कडे असले, तरी शत्रूच्या धडकेने जीव जात नाही. सगळी कडी मात्र उधळली जातात. ती काही क्षणांत नाहीशी होत असल्याने सर्वांमागे न धावता एखाददुसरे चटकन उचलावे. १०० कडी जमली, की जादा जीव मिळतो. दरीत कोसळल्यास मात्र त्यांचा उपयोग नाही.

धावताना खालचे बटण दाबल्यास सॉनिक चेंडूसारखा गुंडाळला जातो आणि वाटेतील शत्रूंना उडवतो. उतारावर ही युक्ती विशेष लाभदायक ठरते. पाण्याने भरलेल्या 'लॅबिरिंथ' विभागात तर घाई हमखास अंगाशी येते. तेथे दम संपत आला, की पडद्यावर ५ पासून उलटमोजणी सुरू होते. अशा वेळी कडी, शत्रू सारे सोडून तळातून येणारा मोठा बुडबुडा गाठावा.